प्लास्टर गरम होतंच

दहावीच्या वर्गात दर हिवाळ्यात मी एक प्लास्टिकचा पेला फिरवायचो. पेल्यात चार चमचे पांढरी पूड, वरून बेतानं पाणी, काडीनं ढवळायचं आणि पहिल्या बाकावरच्या पोराच्या हातात द्यायचं. तेव्हा पेला गार असतो. मधल्या रांगेत पोचेपर्यंत तो कोमट होतो आणि शेवटच्या बाकावर जाईपर्यंत चांगला गरम. काडी तोवर मधोमध पक्की अडकलेली असते. शेवटच्या बाकावरची पोरं एरवी कशाकडंच बघत नाहीत, पण पेला हातात आला की दचकायची. कुणीतरी विचारायचंच, "सर, चुलीवर ठेवला नाही तरी तापला कसा?" त्या एका प्रश्नासाठी मी वर्षभर थांबलेला असायचो.

मग मी फळ्याकडं वळायचो. जिप्सम नावाचा एक पांढरा मऊ दगड असतो. त्याच्या स्फटिकांत पाणी असतं. ते दिसत नाही, हाताला ओलं लागत नाही, पण असतं. दगड भट्टीत भाजला की त्यातलं चारपैकी तीन हिस्से पाणी उडून जातं आणि मागं राहते ती ही पूड, प्लास्टर ऑफ पॅरिस. तिला पाणी दिलं की ती आपलं गेलेलं पाणी परत ओढून घेते. सुयांसारखे बारीक स्फटिक उगवतात, एकमेकांत गुंततात आणि पुडीचा पुन्हा दगड होतो. होताना ती उष्णता बाहेर टाकते. चिखल वाळला की घट्ट होतो, शेण वाळलं की घट्ट होतं, हा क्षार मात्र पाणी पिऊन घट्ट होतो. हे वाक्य मी तीनदा सांगायचो, कारण पोरांना पहिल्यांदा ते पटत नाही.

चार वर्षं झाली, मी पेला फिरवत नाही. समीकरण लिहितो, खाली दोन रेघा मारतो आणि पुढं जातो. गेल्या हिवाळ्यात एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "सर, माझा मोठा भाऊ सांगत होता, तुम्ही गरम होणारा पेला दाखवता." मी तिच्यावर खेकसलो. "परीक्षेत पेला येणार आहे का?" ती खाली बसली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला द्यायचं उत्तर वर्गात सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझी आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शेंद्र्याच्या पलीकडं आमचं घर, मेंढरांचं. कंपन्या आल्या, माळ गेला, मेंढरं विकली. राहिली ती पंधरा-वीस शेरडं, आणि आक्का ती कंपन्यांच्या भिंतीकडेनं चारत हिंडते. बहिणीनं भावासाठी शाळा सोडली वगैरे गोष्ट आमच्या घरात नाही. ती चार दिवस शाळेत गेली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, तिथं बसून बसून पाय आखडतेत. पुन्हा गेली नाही. मी मात्र पाचवीपासून शहरात वसतिगृहात राहिलो, शिकलो, मास्तर झालो, शहरातच हर्सूलकडं घर बांधलं. आमच्या सबंध भावकीत विज्ञान शिकलेला मी पहिला.

आक्काच्या हाताला मात्र आसपासच्या दहा गावांत नाव होतं. शेरडाचा, कोकराचा पाय मोडला की लोक जनावर खांद्यावर टाकून तिच्याकडं आणायचे. ती मोडलेल्या जागेवरून आधी नुसतीच बोटं फिरवायची, डोळे दुसरीकडंच. मग पायाला लोकर गुंडाळायची, वरून बांबूच्या कामट्या लावायची, त्यावर जुन्या धोतराची पट्टी. गाठ नेहमी बाहेरच्या अंगाला, म्हणजे दातानंही सुटावी. तिथून पुढं तिचं खरं काम सुरू व्हायचं. थोड्या थोड्या वेळानं ती त्या पायाचं खूर उचलायची आणि आपल्या गालाला लावून बघायची. गार लागलं की पट्टी तिथल्या तिथं सोडायची आणि सैल बांधायची. हातानं का बघत नाहीस, असं मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाली, "हाताला घट्टे पडलेत. हाताला कळत नाय. गालाला कळतंय."

भावकीत आणखी एक रीत होती. काहीही झालं की मास्तरला विचारायचं. गोळ्यांचं पाकीट, बँकेचा कागद, तहसीलची नोटीस, कसलाही फोटो मोबाईलवर यायचा आणि खाली एकच शब्द असायचा, "बघ". मी बघायचो आणि सांगायचो. जे कळत होतं ते सांगायचो, जे कळत नव्हतं तेही त्याच आवाजात सांगायचो. पंचवीस वर्षांत "मला माहीत नाही" असं मी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. मास्तरकीनं दिलेली ही खोड आहे. पोरांसमोर अडखळलं की वर्ग हातातून जातो, म्हणून अडखळायचं नाही, एवढंच डोक्यात बसलेलं.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कंपनीच्या भिंतीलगतच्या सिमेंटच्या नालीत एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, उतरली, ती काढायला आक्का वाकली आणि घसरून हातावर पडली. उजवा हात, कोपराच्या खाली. दाजींचा फोन आला, "हाताचं हाड मोडलंय. हितल्या हाडवैद्याकडं नेऊ, का तुमच्याकडं आणू?" मी म्हणालो, "वैद्य-बिद्य काही नको. इकडं आणा." पुढं काय झालं त्याची सुरुवात इथून होते की नाही, मला ठरवता येत नाही. वैद्याकडं तरी काय झालं असतं कोण जाणे.

दुपारी दोनला रिक्षा दवाखान्यासमोर आली. आक्कानं आपला हात आपणच बांधला होता. दोन कामट्या, साडीची पट्टी, डाव्या हातानं आणि दातानं मारलेली गाठ. तोंडावर दुखण्याची खूण नव्हती. मला बघून म्हणाली, "पाठ निघाली बरं का बाहीर." शेरडं शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून आले होते म्हणून दाजी त्याच रिक्षानं परत गेले. आता तिच्यासोबत मी आणि माझी बायको.

डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्याचा छोटासा दवाखाना, वर पाच-सहा खाटा. मला बघताच उठून उभा राहिला. त्यानं आक्काची पट्टी सोडली आणि विचारलं, "हे कुणी बांधलं? चांगलं बांधलंय." फोटो काढला. दोन्ही हाडं मोडली होती, पण फार सरकलेली नव्हती. बसवून प्लास्टर घालू म्हणाला.

प्लास्टरच्या खोलीत एक बादली होती. पुडीनं भरलेली पट्टीची गुंडाळी त्या बादलीत बुडवली की बुडबुडे येतात. ते थांबले की ती बाहेर काढायची, हलकी पिळायची आणि हातावर गुंडाळायची. डॉक्टर गुंडाळता गुंडाळता हसून म्हणाला, "सर, तुम्ही अजून पेला फिरवता का?" झालं. मी सुरू झालो. भट्टी, तीन हिस्से पाणी, सुया, सगळं. मदतनीस ऐकत होता, बायको ऐकत होती, डॉक्टर मान डोलवत होता. आक्का म्हणाली, "गरम लागायलंय रं."

"लागणारच. प्लास्टर गरम होतंच," मी म्हणालो. "आमच्या भाषेत हा क्षार आहे, आक्का. मीठच म्हण. पाणी प्यायलं की तापतं आणि दगड होतं. थोड्या वेळात निवेल."

ती त्या पांढऱ्या हाताकडं कौतुकानं बघत राहिली. मी इतकी वर्षं शाळेत नेमकं काय करतो हे तिला कधी कळलं नव्हतं, आणि आज ते तिच्या हातावरच दाखवता येत होतं. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

निघताना डॉक्टरनं सांगितलं, "हात उंच ठेवा. बोटं हलवत राहा. दुखणं वाढलं, बोटं सुजली किंवा बधिर झाली तर थांबू नका, सर. कितीही वाजता फोन करा." हे मला ऐकू आलं होतं, शब्द न् शब्द. माझं लक्ष नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही. मला वाटलं होतं की हे अडाणी लोकांसाठी सांगतात.

घरी आलो तेव्हा पाच वाजत होते. आक्काला दिवाणावर बसवलं, हाताखाली तीन उशा रचल्या. चहा प्यायली. थोड्या वेळानं म्हणाली, "आत आग व्हायलीय." मी म्हणालो, "सांगितलं ना, प्लास्टर गरम होतंच." दिवेलागणीला तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी म्हणालो, जाड प्लास्टर आहे, थंडीचे दिवस आहेत, वेळ लागतो. हे मी तिथल्या तिथं रचलं होतं. थंडीनं असलं काही होत नाही.

बायकोनं तिच्या पुढं ताट ठेवलं, ते तसंच राहिलं. बोटं सुजायला लागली होती म्हणून बायको तिची अंगठी काढायला गेली. त्यासाठी तिनं ते बोट जरा सरळ केलं आणि आक्का ओरडली. माझ्या आयुष्यात आक्काला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. दोन बाळंतपणं तिनं माळावर काढली, तेव्हाही नाही. बायको माझ्याकडं वळली, "अहो, डॉक्टरांना फोन लावा."

"लावून काय सांगू? प्लास्टर गरम झालं म्हणून?"

दुपारी सगळ्यांसमोर त्याच प्लास्टरवर व्याख्यान दिलं होतं. आता संध्याकाळी त्याच विद्यार्थ्याला फोन करून घाबरल्या आवाजात विचारायचं, हे मला जड गेलं. कारण एवढंच होतं. दवाखाना लांब नव्हता, मोबाईल खिशात होता.

मग आक्कानं एक गोष्ट केली. उशांवर उंच ठेवलेल्या हाताकडं मान वाकवली आणि प्लास्टरच्या बाहेर आलेली आपली बोटं आपल्या गालाला लावली. थोडा वेळ तशीच राहिली. सरळ झाली, परत वाकली, परत लावली. पुढं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की ते मला ओळखू आलं नाही. ओळखू आलं होतं. चड्डीत होतो तेव्हापासून बघत आलेली गोष्ट होती ती.

"बोटं गार पडलीत रं," ती म्हणाली. "बकरं असतं तं म्या कवाच सोडलं असतं."

"आक्का, हे बकरं नाही. आणि ह्या कामट्या-चिंध्या नाहीत. यात शास्त्र आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या तोंडावर काहीतरी शोधत असावी. मग म्हणाली, "बरं. तुला कळतंय."

पेला तास संपायच्या आत गार होतो. पंचवीस वर्षं घंटा झाल्यावर गार झालेला तो पेला मीच उचलून कपाटात ठेवत आलो होतो. प्लास्टरची उष्णता फार तर अर्ध्या तासाची असते, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. प्लास्टर तीनला घातलं होतं आणि तेव्हा आठ वाजले होते. शिवाय वर प्लास्टर तापलंय तर खाली बोटं गार कशी? दहावीतलं पोरगंही हे विचारेल. मी नाही विचारलं. दुखण्याची एक गोळी दिली आणि सकाळी बघू म्हणालो. रात्रभर तिनं हाक मारली नाही. मी झोपलो, आणि चांगला झोपलो, हेही इथंच लिहून ठेवतो.

पहाटे बायकोनं मला हलवून उठवलं. न्हाणीत दिवा होता. आक्का पाटावर बसली होती आणि तिनं उजवा हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला होता. किती वेळ बसली होती कोण जाणे. तोंड काळवंडलेलं, दात वाजत होते.

"आक्का, हे काय करतेस?"

"मीठ हाय म्हणला व्हतास ना," ती म्हणाली. "म्हणलं, पाण्यात इरघळंल. नाय इरघळाया."

त्या क्षणी माझ्या तोंडात काय आलं होतं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. हे मीठ विरघळत नाही, आक्का, हे पाणी पिऊन घट्ट होतं. तोंड उघडलंही होतं मी. तिला दुरुस्त करायला. बायकोनं माझा दंड धरून मला बाजूला सारलं आणि तिचा हात बादलीतून काढला. बोटं पांढरी पडली होती, नखं निळसर. बायकोनं बोटाला चिमटा काढला. आक्का म्हणाली, "काय केलंस?" तिला कळलं नव्हतं.

डॉक्टरनं घरातल्या कपड्यांवर येऊन प्लास्टरची खोली उघडली. करवतीनं प्लास्टर उभं कापलं आणि दोन्ही हातांनी फाकवलं. खालचा हात तट्ट फुगलेला होता, कातडी चकाकत होती. आत सूज वाढत गेली होती, बाहेर दगड होता. सुजेला जागा मिळाली नाही म्हणून तिनं रक्ताची वाट बंद केली होती. एवढं साधं होतं ते. त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"काल संध्याकाळपासून."

"फोन का नाही केला, सर?"

  तिथूनच मोठ्या दवाखान्यात नेलं. हात मनगटापासून कोपरापर्यंत उभा चिरून मोकळा केला. रक्त वाहायला लागलं, पण आतलं बरंचसं मांस आधीच मेलं होतं. ते दर दोन दिवसांनी थोडं थोडं काढत होते. हात काढावा लागला नाही, हे सगळ्यांनी मला पेढा द्यावा तसं सांगितलं. पुढच्या चार-सहा महिन्यांत हाड जुळलं, जखम भरली आणि पंजा हळूहळू आत वळत गेला. बोटं मिटली ती मिटलीच. आता तो हात मूठ आवळल्यासारखा असतो आणि मुठीत काही नसतं. ती धार काढते ती डाव्या हातानं, अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागतो. कातर धरता येत नाही. गाठ मारता येत नाही.

मला कुणीच बोललं नाही. दाजी म्हणाले, "नशिबात व्हतं ते झालं, तुम्ही लई केलं." गावात कुणी विचारलं तर आक्का सांगते, "नालीत पडले." एवढंच. मधलं सगळं तिनं गाळून टाकलंय. लोक मान हलवतात, कंपनीच्या नालीला शिव्या देतात आणि मी शेजारी बसून त्या ऐकतो. नालीत पडून हाड मोडलं होतं. हात मी घालवला.

एकदाच मी तिच्याजवळ बोललो. म्हणालो, "आक्का, माझ्यामुळं झालं." ती शेंगा फोडत होती, डाव्या हातानं आणि दाढेखाली. म्हणाली, "तू का मुद्दाम केलंस? येडा हायेस का." मला बरं वाटलं. मग दोन-तीन शेंगा फोडून झाल्यावर, माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पण म्या सांगितलं व्हतं."

त्या प्लास्टरचा एक तुकडा मी डॉक्टरच्या खोलीतून उचलून आणला होता. का ते विचारू नका. आतल्या बाजूनं त्यावर कापडाची वीण उमटली होती. एका रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत एकटाच गेलो, तो तुकडा खलात कुटला, चिंध्या वेचून काढल्या आणि लोखंडी पळीत मंद आचेवर भाजला. पळीवर धरलेल्या काचेवर वाफ जमली. म्हणजे त्यानं पाणी सोडलं. निवल्यावर पुडीत थेंब थेंब पाणी घातलं. थोडी कच्चीच झाली, पण झाली घट्ट, आणि ऊनही झाली. क्षाराला हे जमतं. कितीदाही पाणी सोडावं, कितीदाही घ्यावं, समीकरणात बाण दोन्हीकडं काढता येतो. मी ती पळी तशीच मोरीत टाकली आणि बाकावर बसून रडलो. शिपायानं बाहेरून विचारलं, "सर, कुलूप लावू का?"

आक्काकडं कुणी जनावर घेऊन येईनासं झालं. दाजींना ते काम येत नाही. त्यांचा हात जड, त्यांनी बांधलेला एक पाय वाकडाच जुळला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो होतो. सकाळी दहाचा सुमार, दाजी शेरडं घेऊन गेलेले. रस्त्यावर एका मोटरसायकलच्या चाकाखाली घरचंच करडू सापडलं. आक्का त्याला डाव्या काखेत धरून घेऊन आली. मागचा पाय लोंबत होता. मी म्हणालो, "शेंद्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेऊ." ती म्हणाली, "आज सुट्टी हाय त्याला. बस खाली. हात दे तुझे."

मी बसलो. तिनं करडू माझ्या मांडीवर ठेवलं, स्वतः समोर बसली आणि ती मिटलेली मूठ करडाच्या मानेवर टेकवून ते दाबून धरलं. मग सांगत गेली. आधी बोटं फिरव. दाबू नको, नुसती फिरव. लागलं का टोक? आता वढ. हळू. लोकर घे. एवढी नको. कामटी हिकडून लाव. पट्टी घे. मी करत गेलो. इतकी वर्षं मी दुसऱ्याला कृती सांगत आलो, आणि इथं पट्टी कुठल्या हातात धरायची तेही मला कळत नव्हतं. गाठ बाहेरच्या अंगाला मारली. करडू थरथरत होतं, मग निपचित पडलं.

तिनं डाव्या हातानं चहा केला. आम्ही दोघं उन्हात बसून प्यायलो. कंपनीचा भोंगा झाला. कप खाली ठेवून ती म्हणाली, "बघ आता खूर."

मी करडू उचललं. हातानं बघायला गेलो तशी ती नुसतीच माझ्याकडं बघत राहिली. मी ते छोटंसं खूर गालाला लावलं. थोडा वेळ तसंच धरलं. गरम लागलं मला, चांगलं गरम. जीव भांड्यात पडला. म्हणालो, "गरम आहे, आक्का. ठीक आहे."

तिनं मान पुढं केली.

"माझ्या गालाला लाव."

मी तिच्याजवळ सरकलो आणि तिच्या गालाला खूर लावलं. तिनं डोळे मिटले.  करडाचा श्वास मला हातात लागत होता.

"सोड," ती म्हणाली. "घट्ट झालंय."

आत्ताच तर बांधलंय, उन्हात आहे, लोकर आहे, जरा वेळ जाऊ दे, असं सगळं माझ्या जिभेवर अगदी ओळीनं येऊन उभं राहिलं. मला ते खूर अजूनही गरमच लागत होतं. मी गाठ सोडली.